आधी विश्रामबाग, मग मिरज

पेठ नाक्याला चहा झाला
आणि बँकॉक संपलं.
तिथवर गाडीत थोडं उरलं होतं :
शमीमच्या पिशवीत चिंचेच्या गोळ्या,
भूपालच्या अंगात हत्ती-हत्तींचा शर्ट,
जो घालून आष्ट्यात उतरणार नाही म्हणाला
आणि उतरला.
लघवीला, पण उतरला.

शुक्रवार ते सोमवार पहाट.
एवढ्यासाठी दीड वर्ष ग्रुपवर भांडलो.
"बँकॉकला? ह्या वयात?"
ऑफिसातला शिपाई हसू दाबत म्हणाला,
"जाऊन या की मॅडम."
त्याला काय सांगणार,
पहिल्या संध्याकाळी आम्ही सहाजण
बुडत्या सूर्याशी झगडत होतो.
राजमतीला अंधाराआधी जेवायचं,
आणि ती घड्याळ बघत विचारते,
"सूर्य इथला धरायचा का सांगलीचा?"
"सांगलीचा धर," इर्शाद म्हणाला, "दीड तास जास्त मिळतोय."
तिनं इथलाच धरला.
भडंगावर भागवलं.

हॉटेलात फॉर्म होता.
नातं, असा एक रकाना.
अच्युतनं पेन माझ्याकडं सरकवलं.
चार वर्षं तो मिरजेहून येतो, गुरुवारी आणि रविवारी,
स्कूटर फाटकाबाहेर लावतो,
चप्पल मात्र आत काढतो.
ह्याला काय म्हणतात, मला मराठीतही येत नाही.
काउंटरवरच्या मुलीनं वाट बघितली नाही,
स्वतःच कुठंतरी टिक केली.
लग्न लावलं म्हणा आमचं.

मग बोट.
नदी रुंद, गढूळ,
कृष्णेसारखी नाही, असं भूपाल तीनदा म्हणाला.
म्हणजे होती.
शाळेतले सगळे पुढच्या बाकावर,
हरिपूरच्या संगमात बुडता बुडता वाचल्याचा किस्सा
पुन्हा निघालेला,
आणि हसण्याच्या भरात इर्शाद मागं न बघता ओरडला,
"दिनकर, पाण्याची बाटली टाक रे!"

दिनकर जाऊन नऊ वर्षं झाली.
बोटीचं इंजिन तेवढं चालू राहिलं.
शमीमनं नवऱ्याला काढलेला चिमटा
मी पाहिला.
आणि अच्युत,
ज्यानं दिनकरला फोटोतच पाहिलंय,
जो एरवी दोन हाकांशिवाय ऐकत नाही,
म्हणाला, "ओ",
आणि बाटली टाकली.
इर्शादला झेलता आली नाही.
लोळत लोळत माझ्या पायाशी आली.

आयर्विन पूल, पहाटेचे पाच.
खिडकी उघडली. पाणी दिसलं नाही, वास आला.
गावभागात हत्ती उतरले,
राजमती त्यांच्यामागं.
खणभागात इर्शाद उतरला, बॅग घेतली, चार पावलं गेला,
परत आला, अच्युतच्या बाजूची काच वाजवली.
काहीतरी बोलायचं होतं त्याला.
"चार्जर राहिला का बघ माझा," म्हणाला.
दोघांनी मिळून सीटखाली शोधला, बराच वेळ.
चार्जर शमीमच्या हातात होता,
ती काही बोलली नाही.

"आता आधी विश्रामबाग, मग मिरज,"
ड्रायव्हरनं कागद बघितला.
मागं दोन बॅगा उरल्या.
विमानात एकाच नावावर चढवलेल्या,
दोन्ही पट्ट्यांवर माझं आडनाव.
म्हणजे दिनकरचं.

फाटकाशी थांबलो.
समोरच्या काकू सडा टाकत होत्या,
बादली धरून तशाच राहिल्या.
"कुठली उतरवू?"
निळी, मी म्हणाले. निळी माझी.
अच्युत आधीच खाली,
हातात माझी पर्स, मानेची उशी.
"गार आहे हो इथं," म्हणाला.
गार नव्हतं.
"चहा टाकते," मी म्हणाले,
त्याला की ड्रायव्हरला, ठरवलं नव्हतं.

दोघंही आत आले.
ड्रायव्हर जाताना दुसरी बॅगही
पायरीवर ठेवून गेला :
"डिकी नीट लागत नाही, मॅडम."

समोर काकूंनी राहिलेलं पाणी
एकदम ओतलं.