बाकी

वाचनालय 'ड' वर्ग,
कोंडवाड्याला लागून.
नागपुरात वर्गीकरणाच्या पेपरात मी पहिली;
इथे पुस्तकांच्या पाठीवर आकडे डकवते,
डिंक मुंग्या खातात.

सुगरताबाई मडावी भरदुपारी आली.
पिशवीत ज्वारी, ज्वारीखाली पुस्तक:
मोटार दुरुस्ती, ६२९.२८७,
तीन वर्षं उशीर, पानोपानी ऑइलची बोटं.
"प्रफुलनं नेलं होतं.
थो सुरतले हाय. फोन लागत नाई."

दंड राहू द्या म्हटलं, देवघेव वही उघडली.
अक्षरओळख नसलेल्या बाईनं
त्याची सही माझ्याआधी शोधली.
शेवटचा फराटा म्हणे बापासारखा.

"जमा केलं म्हंजे काय करता, मॅडम?"
"लाल रेघ मारते."
"नावावर?"

वीज होती त्या दिवशी. पंखा वहीची पानं उलटत राहिला,
मी तळहात ठेवला.

तिनं पुस्तक पिशवीत घातलं,
ज्वारी वर लोटली.
"मंग राहू द्या बाकी.
थोच आणून देईन."

मार्चात साठा पडताळणी.
साहेब विचारतात, हे एक कुठंय?
गहाळ, जीर्ण, बाद, छापील रकाने तीनच.
मी समासात लिहिते:
वाचकाकडे.