पाठ

आठ सायकली, आणि नवव्या नंबरवर मी:
पांढरी पिकअप, मागे दोन सुटी चाकं,
ऑक्सिजनचं नळकांडं, केळ्यांचा घड
आणि ड्रायव्हरशेजारी एक रिकामी सीट.
दमेल त्याला उचलायचं, हे माझं काम.
माझं नाव छेन्चो. टूरच्या कागदावर
'सपोर्ट व्हेइकल' असं आहे.

सात जण पहिल्याच चढाला वळणाआड गेले.
उरली यानेका. वय एकसष्ट.
तिच्या देशात म्हणे सगळ्यात उंच काय, तर पूल.
पहिल्या गिअरवर, क्लच अर्धा दाबून,
ताशी सहाच्या वेगानं
पारोपासून मी फक्त तिची पाठ बघतोय.

दोचुला येईतो ती मला पाठ झाली:
निळ्या जर्सीवर घामाचा नकाशा,
आधी दोन बेटं, मग त्यांचा एक खंड;
डावा खांदा उजव्याहून बोटभर खाली;
आणि चढ संपत आला की मान अशी पुढे,
शेवटच्या तासाला नांगराचा बैल घालतो तशी.
हॉर्न मी एकदाही वाजवला नाही.

लोबेसात छपरांवर मिरच्या वाळत होत्या.
तिनं एमा दात्शी खाल्ली, रडली,
पुन्हा वाढून घेतली.
त्याच दुकानात छुगोची माळ घेतली,
याकच्या दुधाचं दगड झालेलं चीज.
"चावायचं नाही," मी म्हणालो, "वाट बघायची."
वीस किलोमीटर तो खडा तिच्या गालात होता.
मागूनसुद्धा दिसत होता.

पेले ला च्या अलीकडे धुकं इतकं
की पाठही गेली.
नुसता लाल दिवा, लागत-विझत.
तिथं ती उतरली. मी दार उघडलं.
सीटवर हीटरची ऊब, थर्मासमध्ये सुजा.
ती दोन कप प्यायली, "हे लोण्याचं सूप आहे" म्हणाली,
आणि दार बाहेरून लावलं, हलकेच,
आत कुणी झोपलंय अशा बेतानं.
मग सायकल हातात धरून चालू लागली.
का, ते मी विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही.

"छोर्तेन उजव्या हाताला ठेवायचा,"
एवढंच पहिल्या दिवशी सांगितलं होतं.
चेंदेब्जीला तिनं तसाच ठेवला.
वाटेतली प्रत्येक माणी-भिंत तशीच,
आणि एकदा तर, कशाला खोटं बोलू,
रस्त्यात पडलेलं डांबराचं पिंपसुद्धा.

त्रोंग्साचा जोंग फसवतो.
दरीपल्याड उभा, हात लांबवला तर खिडकीला लागेल;
रस्ता मात्र दरीच्या पोटात शिरतो, नदी ओलांडतो,
आपण विसरलो की मग दारात आणून सोडतो.
गाडीला अर्धा तास पुरतो.
यानेकाला दोन लागले. म्हणजे मलाही.

सातव्या दिवशी, योतोंग ला च्या चढावर,
कडा खाली आला होता.
माती, ओंडके, घराएवढा एक धोंडा.
रस्त्यावर काम करणाऱ्या बायकांतली एक, चिमी,
पाठीशी बाळ बांधलेली,
तिनं फावडं टाकलं, पुढचं चाक धरलं.
मागचं यानेकानं.
चिखलावरून दोघी पलीकडे. बाळ झोपेतच.

पिकअप अलीकडे.
जेसीबी दुपारी येणार होता. म्हणजे उद्या.

पलीकडे पोचून यानेका वळली.
रोज जेवताना समोरच असायची खरं तर,
पण मी ताटाकडे बघायचो.
आज नीट पाहिलं, तर चेहरा अनोळखी.
कुणी परकी बाई हात हलवत होती.
मीही हलवला, जरा उशिरा.

मग तिनं पाठ फिरवली,
आणि लगेच ओळख पटली.
डावा खांदा बोटभर खाली.

ती वळणाआड गेल्यावर
मी त्या रिकाम्या सीटवर जाऊन बसलो.
या बाजूनं रस्ता कधी पाहिलाच नव्हता.
चिमीनं काचेवर टकटक केली.
"केळी आहेत का?"
घड खाली उतरवला.