माईक टेस्टिंग

हॅलो. हॅलो. चेक. एक, दोन, तीन.
सदतीस वर्षं एवढंच बोललो मी माईकवर.
तीनच्या पुढं माईक त्याचा.

शाळेच्या दाखल्यावर कचरू त्रिभुवन, मुक्काम बोरी.
आधीची दोन लेकरं गेली म्हणून आईनं
उकिरड्यावर लोळवून हे नाव ठेवलं.
कॅसेटवाला हसला, अन् प्रीतमकुमार केलं.
कव्हरवर पिवळा कोट, माझ्या भावजीचा, उसना.

त्या साली जिंतूर ते जालना
‘गुलाब’ वाजत नाही अशी एक जीप नव्हती.
हळदीत वाजली, मोंढ्यात वाजली,
बँडवाल्यानं क्लॅरिनेटवर घेतली.
बाया विचारायच्या, ही गुलाब कोण म्हणायची?
सेलूची का मानवतची?
तो म्हणायचा, हाये एक सावळी.
बोलत नाही, पण तिच्याबिगर
माझा आवाज निघत नाही.
टाळ्या.
अन् स्टेजच्या दोन्ही अंगाला
पुरुषभर उंचीचे काळे डबे,
त्यांच्यावर पांढऱ्या रंगात ठळक:
गुलाब साउंड सर्व्हिस, परभणी.
कुणी वाचलं नाही.
वाचता येत नव्हतं असं नाही.

मॉनिटर म्हणून एक डबा असतो,
पब्लिककडं पाठ, गाणाऱ्याकडं तोंड.
त्यात मी दोन कडव्यांच्या मधी हळूच सांगायचो:
पाणी पी. वरची पट्टी सोड.
बटण उघडं हाये तुझं.
एकदा गंगाखेडला दुसरंच काही बोललो
अन् तो तालाला चुकला.
ढोलकीवाला अजून सांगतो,
प्रीतमदादा जिंदगीत एकदाच चुकले.

मग वसमत. वरात उशिरा आलेली.
नवरदेवाचा चुलता पुढून ओरडला,
प्रीतमराव, गावाच्या हळदी गायल्या, तुमची कधी?
त्यानं पेटीचा भाता मिटला.
म्हणाला, माझं झालंय लग्न.
गुलाब तिथं बसलाय.
‘बसलाय’ म्हणाला. ‘बसलीय’ नाही.
अन् बोट केलं मिक्सरकडं.

माझं बोट त्याच्याच आवाजावर होतं.
खाली ओढलं.
मी, शेख गुलाब वल्द शेख वजीर, यानं
शून्यापर्यंत.
त्याचे ओठ हलतच होते.
पुढच्या तीन रांगांना काय ते कळलं,
मागं लोक ओरडू लागले, आवाज! आवाज!
मी उठून सांगितलं, फ्यूज गेला.

येताना झिरो फाट्यावर टेम्पो उभा केला.
दोन कप, एकच बशी.
तो म्हणाला, फ्यूज कितीला येतो रे?
म्हणालो, तीन रुपयाला.
परभणी येईपर्यंत मग
मागं डबे तेवढे आदळत राहिले.

त्या हंगामात अकरा सुपाऱ्या परत गेल्या.
बारावी मानवतच्या चंद्रकलाबाईची, भाजीवालीची.
पोरीची हळद लागली, आम्ही वायरी गुंडाळू लागलो,
तर ती वाटी घेऊन आली.
आधी त्याच्या गालाला लावली,
उरलेली माझ्या.
बोलली काहीच नाही.
उष्टी हळद कुणाची कुणाला जाते
हे तिला कुणी शिकवायचं?

औंदा घाटीत त्याच्या गळ्याचं ऑपरेशन झालं.
आता घरात पाटीवर लिहितो:
वरणात मीठ नाही.
पंखा दोनवर कर.
आज त्याचा सत्कार. शाल, नारळ, आमदार.
म्हणतील, कलेपायी संसार केला नाही.
तो घरी दाढी करू लागला,
मी पुढं आलोय, लाईन तपासायला.

हॅलो. चेक. एक, दोन, तीन.
चार.
फ्यूज गेला नव्हता.

खुर्च्या मांडणारी पोरं थांबली.
पार मागच्या कनातीपासून
एकानं हात वर केला:
चाचा, इथपर्यंत येऊ लागला.
बोला.