शेवटची नावं वर सरकतात तेव्हा

पहाटे चारला मी कुह्मोच्या रस्त्यांवरचा बर्फ लोटतो.
आठला घरी. बूट रेडिएटरपाशी उलटे,
आणि पडदे न ओढताच खेळायला बसतो.
पडदे कशाला? डिसेंबरात बाहेर
उजाडल्यासारखं करतं, नि विसरून जातं.

या हिवाळ्यात तीन खेळ संपवले.
ताटातलं संपवावं तसं नाही.
एकाचा घास अजून घशाशी आहे.

तो पहिला. धरणाखाली जाणारं गाव,
मी तिथली शेवटची टपालवाली.
एकोणीस पत्रं. अठरा वाटली.
एकोणिसाव्यावर पत्ता नव्हता,
म्हणून फोडलं.
कुणी रागावलं नाही, गुण कापले नाहीत.
फक्त दुसऱ्या दिवसापासून
कुठल्याच दारात मला चहा विचारला नाही.
पाणी चढलं, मी होडीत बसले,
आणि हातात कंट्रोलर धरलेला मी, बावन्न वर्षांचा,
एका खोट्या गावाची माफी कशी मागायची
ते मेनूत शोधत राहिलो.

दुसरा मिठाच्या वाळवंटातला. खेचर आणि मी.
"खेचर विकायचं, की पाणी?"
रात्रभर विचार करून पाणी विकलं.
मग मागे जाऊन खेचर विकून पाहिलं.
दोन्ही वाटा त्याच पुलावर!
तेच संगीत, तोच म्हातारा, तीच वाक्यं.
फसवलं, म्हटलं मी शेजारच्या औलिक्कीला.
ती एकोणऐंशीची, बँकेत चाळीस वर्षं नोटा मोजलेली.
"पण खेचर बरोबर होतं की नव्हतं?" तिनं विचारलं.
मी गप्प.
"मग पूल तोच कसा?"

खेळातले नकाशे मला आवडतात, हे कबूल करतो.
एकदा पाऊल पडलं की तिथलं धुकं उडतं
ते कायमचं उडतं.
माझा लेन्तीराचा रस्ता
आरशात बघेपर्यंत पुन्हा पांढरा.

तिसरा गुरुवारी संपला,
औलिक्कीची सौनाची पाळी सातची, ती ओल्या केसांनीच आली,
टॉवेलचा फेटा, हातात वेलचीची पावरोटी.
बर्फाळ बेट, हवामान केंद्रातला हरवलेला कारकून.
तो सापडतो. कसा, ते सांगत नाही,
तुम्ही खेळाल कदाचित.
मी मात्र सुरुवातीपासून कुरकुरत होतो:
नायिकेच्या तोंडातून वाफ उणे वीसची
आणि पावलांचा आवाज उणे तीनचा.
मऊ. दमट. पीठ मळल्यासारखा.
ज्यानं केला त्यानं बर्फ फ्रीजमध्येच पाहिलाय.

नावं वर सरकू लागली, मी बटणाकडे हात नेला.
"थांब," औलिक्की म्हणाली,
"एवढ्या लोकांनी रात्री जागवल्या,
नावं तरी वाचावीत."
चष्मा पुसून ती पडद्याला नाक लावून उभी राहिली.
प्रकाशयोजना. दोरखंड. कुत्र्याचं भुंकणं.
मग एकदम ओरडलीच:
"पावलांचे आवाज, तापानी कार्प्पिनेन!
अरे, हा आपल्याकडचा!"
मी शरमलो. ती फोन करायला पळाली,
सोत्कामोच्या मावसबहिणीला, कुठला कार्प्पिनेन, कुणाचा मुलगा.
दहा मिनिटांनी भिंतीवर टकटक करून कळवलं:
"सोत्कामोचा नाही!"

आज पहाटे उणे बावीस.
पेट्रोल पंपापुढे गाडी थांबवली,
खाली उतरून दिव्याच्या खांबापर्यंत चाललो, परत आलो.
कर्र. कर्र. कोरडा आवाज,
नव्या चामड्याच्या खोगिरासारखा.
मोबाइलवर सात सेकंद धरला.
मागे माझंच इंजिन घुरघुरतंय,
आणि चौथ्या पावलाला मी खोकलोय.
पाठवायचा कुठे, माहीत नाही.
पुन्हा घ्यावा म्हणून वळलो तर
पाऊलखुणांवर भुरभुर सुरू झाली होती,
आणि वायरलेसवर कुणीतरी
शाळेकडचा रस्ता अजून का बंद, म्हणून विचारत होतं.