दहा पायऱ्या

दुपारी अडीचला बेल वाजली.
दारात टॅब घेतलेली मुलगी, समिधा आहिरराव,
डोक्याला ओढणी, गळ्यात ओळखपत्र.
सिडकोपासून चालत आलेली, रिक्षाचे पैसे वाचवत.
तीसपैकी एकोणीस घरं झाली होती.

"समजा मॅडम, एक शिडी आहे दहा पायऱ्यांची.
वर चांगल्यात चांगलं आयुष्य, खाली वाईटात वाईट.
तुम्ही आज कुठे उभ्या आहात?"

मला हँगरमधली शिडी आठवली,
ओझरची, पिवळी, चाकांची,
विमानाच्या कुशीला लावायची.
चौथ्या पायरीवर झिनाइदा पावलोव्ना,
खाली मी, दुभाषी, पंचवीस वर्षांची,
तिचं रशियन झेलून हिंदीत खाली सोडायची.
फिटर लोक ते मराठीत नेऊन
नटबोल्टांना सांगायचे.

एकदा जेवणाच्या सुट्टीत तिने विचारलं,
सुखाला तुमच्यात काय म्हणतात?
मी तीन शब्द दिले. तिने एकच: श्चास्त्ये.
आणि माझ्या डब्यातली पोळी मोडून दाखवली,
यात तुकडा आहे बघ, वाटा.
म्हटलं, आमच्याही भाग्यात भाग आहेच.
लसणाच्या चटणीने तिच्या डोळ्यांत पाणी आलं,
तरी तिने अजून मागितली.

ती गेली. मग तिचा देशच गेला.
चौऱ्याण्णवच्या पत्रात होतं:
पाच महिने पगार नाही.
ज्या मशिनींवर पंख्यांची पाती व्हायची
त्यांच्यावर आता चमचे होतात,
पगार म्हणून तीनशे चाळीस चमचे मिळाले.
हायवेला उभी राहून विकते.
दुकानं इतकी भरलीत की आत जायची लाज वाटते.
पाकिटात एक चमचा होता.

इकडे आमचा फोन आला, नंबर लावल्याला नऊ वर्षं झाल्यावर.
त्याचं क्रोशाचं झाकण आधीच तयार.
पहिली रिंग राँग नंबर.
ह्यांनी त्या देवळ्याच्या खतवाल्याशी
पंधरा मिनिटं गप्पा मारल्या.
पुढे सातपूरच्या कंपनीने ह्यांना चेक देऊन घरी बसवलं.
त्यातून रंगीत टीव्ही, मुलाचं पुण्याचं शिक्षण,
उरलेल्यात मधुमेह.

"मॅडम, फक्त आकडा."

सुखी की समाधानी, मी विचारलं.
"एकच ना ते?"
नाही गं. समाधान पंगतीत विचारतात,
ताटावरून उठायच्या आधी.
आणि "सुखी आहेस ना" हे फक्त
सासरहून आलेल्या मुलीला,
जिच्याकडे एकच उत्तर असतं.

ती टॅबकडे बघत राहिली. तिथे
या दोन्हींसाठी मिळून एकच रकाना होता.

झिनाइदाच्या शेवटच्या पत्रात, दोन हजार तीन साली:
आमच्याकडेही शिडी घेऊन एक पोरगी आली होती.
मी म्हटलं, तीन.
मग तिचे बूट दिसले, बर्फ आत गेलेला.
म्हटलं, पाच लिही.

ओझरच्या बाजूने घरघर आली, चाचणीचं विमान.
मी सवयीने थांबले.
टाउनशिपमध्ये आम्ही सगळ्याच थांबायचो,
फोडणीत हात तसाच धरून,
ते उतरल्याचं ऐकू येईपर्यंत.
इथून उतरल्याचं ऐकू येत नाही.

"सहा," मी म्हणाले.
तिने सहावर बोट ठेवलं.
चपलेचा अंगठा सेफ्टी पिनने धरलेला.
"थांब. सात कर."
"एकदा दाबलं की बदलत नाही, मॅडम."
"मग राहू दे. बस जरा.
अकरा घरं कुठे पळून जात नाहीत."

चहा ठेवला. ड्रॉवरमधून तो चमचा काढला,
दांड्यावरची अक्षरं आता निम्मी पुसलेली.
"साखर किती?"
तिने आकडा लगेच सांगितला.