बरं झालं

दर रविवारी साडेनऊला मी कुमुदताईला फोन लावते.
मिरजेत तेव्हा तीन वाजलेले असतात,
भांडी घासून पालथी घातलेली,
आणि इथे स्वान्झीत नुकतं उजाडलेलं.
उजाडलं म्हणायचं आपलं, सवयीने.

आधी माझी पाळी. गुडघा.
मग पाऊस, जो इथे पडत नाही, नुसता चिकटतो.
मग मेथी, दीड पौंडाला जुडी, निम्मी देठंच.
मग बॉयलर. मग दिगंबर, जो मोजे कुठेही काढतो.
मग ती. दिवसाआड पाणी, जावयाचा ताठा,
शेजारच्यांचा कुत्रा,
आणि तिचा गुडघा, जो माझ्या गुडघ्याच्या
चार वर्षं आधीपासून दुखतो.
आपलं चांगलं चाललंय असं कुणीच म्हणायचं नाही.
आई सांगायचीच, सुख बोलून दाखवू नये, दृष्ट लागते.
तीस वर्षं आम्ही एकमेकींच्या सुखाला
अशी तीट लावत आलो.

नोव्हेंबरात ताईच्या घशाचं ऑपरेशन झालं.
गाठ साधी निघाली,
पण डॉक्टर म्हणाले, महिनाभर एक अक्षर बोलायचं नाही.
भाचा म्हणाला, मावशी, तू बोल, ती ऐकेल.
हो असेल तर बांगडी एकदा वाजवेल,
नाही असेल तर दोनदा.

मी सुरू केलं. गुडघा. टण्ण.
पाऊस. टण्ण.
मेथी.
पलीकडून ना जावई, ना नळ, ना कुत्रा.
माझाच आवाज समुद्रापार जाऊन
हात हलवत परत आला.
अकरा मिनिटांत मी संपले.
तीस वर्षांचा माल, आणि अकरा मिनिटं!
फोन ठेवायचीही हिंमत होईना,
ती तिकडे बांगडी धरून बसलेली.

मग खिडकीतून दिसेल ते सांगत सुटले.
ग्लेनिसने आमचाही कचऱ्याचा डबा
चढावरून ओढून आत ठेवलाय,
त्र्याहत्तराव्या वर्षी, कुणी न सांगता.
बॉयलर तीनदा खोकतो, पण पेटतो.
परवा मी रात्रपाळीहून आले
तर पांघरुणात गरम पाण्याची पिशवी होती.
मोजे होते तिथेच होते.
पण पिशवी होती.
आणि ताई, बसमधून उतरताना इथे सगळे
ड्रायव्हरला थँक्स म्हणतात, शाळेतली पोरंसुद्धा.
मी बावीस वर्षं नुसती उतरत आलेय,
आपल्यात कुठे असतं असलं, म्हणत.
आपल्यात आभार मानायचे ते सभा संपताना,
हारतुरे झाल्यावर, माइकवरून.
घरच्या माणसाचे मानले तर तो कपाळाला हात लावून बघेल,
ताप तर नाही ना!

बांगडी गप्प.
मी म्हटलं, ताई, बरं झालं…
पुढे काय ते माझं मलाच माहीत नव्हतं.
बरं झालं, गाठ साधी निघाली.
हे मी तीन आठवड्यांत एकदाही
म्हणाले नव्हते.
तिकडे काहीच वाजलं नाही.
मग वाजलं, एकदा, दोनदा,
मग मोजता येईना इतकं.

सोमवारी उतरताना मी थँक्स म्हटलं,
जरा मोठ्यानेच, पहिल्यांदा असल्यामुळे.
ड्रायव्हरने मान वळवली नाही.
म्हणाला, पाय जपून, घसरडं आहे.

डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी
ताईचा आवाज आला,
करपलेलं पातेलं खरवडावं तसा:
"अगं, ऐकतेस का? तो मेला कुत्रा…"

मी खुर्ची ओढून घेतली.
बरं झालं, म्हटलं, बोल.
कुत्र्याचं सगळं सांग.
मेथीचं माझ्याकडे आहेच.