कलंडलेला सात

लॉ कॉलेजची पुस्तकं माझ्याकडे गोणपाटात यायची.
शिपाई यल्लाप्पा सायकल हातात धरून चालत यायचा,
कॅरिअरवर विलायत,
आणि भेंडे गल्लीच्या तोंडापासूनच ओरडायचा,
"घ्या मालक, सायबाचं डोस्कं उसवून आलंय!"

मी जिनगर. आजा संस्थानच्या पागेत खोगिरं शिवायचा.
घोडे गेले, संस्थान गेलं, आरी राहिली.
तिनं मी कागद शिवायला लागलो.
इंग्रजी मला खंड, साल आणि पान एवढंच येतं.
तेवढ्यात पोट भरतं.

सदुसष्टचे कायदे उशिरा आले.
सुवेझचा कालवा बंद होता,
बोट आख्ख्या आफ्रिकेला वळसा घालून आलेली.
कोल्हापुरात पोचेस्तोवर जोतिबाची यात्रा होऊन गेली होती,
आणि पानांच्या कडांना खारट ओल.

हेरवाडकर सर स्टुलावर बसून बशीत चहा ओतायचे.
मोठ्यानं वाचल्याशिवाय त्यांच्या घशाखाली चहा जात नसे.
"फाशी थांबवलीच त्यांनी. आता हे बघ,
दोन डॉक्टरांनी सही केली
तर बाईला पोट पाडता येईल, राजरोस."
मी खळ ढवळत होतो. मोरचूद जरा जास्त पडलं.
माझी बहीण सुंदरा गडहिंग्लजला
एका सुईणीच्या अंधाऱ्या खोलीत गेली.
घरात अजून म्हणतात, ताप होता.

सरांनी पान उलटलं.
देवळापुढं चपला काढाव्यात तसा
आवाज बाहेर काढून ठेवला.
"आणि हे. दोन पुरुष.
वय एकवीस पुरं, दार बंद, दोघांची मर्जी.
तर गुन्हा नाही."

पाठीमागच्या छापखान्यात खिळ्यांची खटखट थांबली.

दौलू इंगवले, कंपोझिटर.
माळ्यावरची खोली आम्ही दोघांत घेऊन नऊ वर्षं झालेली.
लोकांना सांगायला कारण होतं: भाडं परवडत नाही.

मी दोऱ्याला मेण लावत विचारलं,
"आनि आपल्याकडं, सर?"
"आपल्याकडं त्यांचाच. साठ सालचा."
"म्हंजे आत्ताचाच की."
"अठराशे साठ रे."
सरांनी बशी पालथी घातली, माझ्याकडे पाहिलं नाही.
पाहिलं नाही, म्हणून आजही त्यांचं नाव घेताना
मी कानाला हात लावतो.

त्या रात्री दोन पुस्तकं मी एकाच दाबात घातली.
खाली आपली दंडसंहिता, वर त्यांचं सदुसष्ट.
तीच खळ, तोच दोरा, तेच काळं बकरम.
पाठीवर सोनेरी आकडे दौलू ठोकायचा.
शेवटच्याला हात हलला.
"दार लाव," म्हणाला.
"लावलंय."
"कडी?"
"ती बी घातलीया."
"वय?"
"तुझं तर दोनदा पुरं झालंय."
मग तो हसला. बेचाळीसचा माणूस, तोंडावर फडकं धरून,
खाली घरमालक झोपला होता म्हणून.

दार बंद ठेवायचा कायदा आम्हाला कुणी शिकवायला नको होता.

दौलू एक्क्याण्णवला गेला. सीपीआरच्या फॉर्मवर
'नातं' या रकान्यात मी 'शेजारी' लिहिलं.

परवा यल्लाप्पाचा नातू आला, वकील झालाय.
दिल्लीचा निकाल त्यानं मोबाइलवर वाचून दाखवला,
सावकाश, मराठी करून करून.
मी एवढंच विचारलं,
"दार बंदच असाय पायजे का?"
त्याला प्रश्न कळला नाही. नव्वदीला आलेल्या माणसाचं
बरंच काही लोक असंच सोडून देतात.

त्यालाच म्हटलं, मला लायब्ररीत ने.
वरच्या फळीवर होतं. चौऱ्याहत्तरनंतर कुणी नेलेलं नाही.
शिवण हललेली नाही, कसर शिवलेली नाही,
मोरचूद जास्त पडलेलं ना.
आणि पाठीवर,
धुळीखाली,
तो सात, तसाच कलंडून
सहाच्या खांद्याला टेकलेला.